चौदा ऑगस्टची नऊ तासांची सभा

मेस्त्री बंधू गेल्या सहा वर्षांत एकमेकांशी एक अक्षर बोलले नव्हते. आणि त्याच सहापैकी शेवटच्या चार वर्षांत त्यांच्या कंपनीच्या बारा सभा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडल्या होत्या. बाराही सभांना दोघे संचालक वेळेवर हजर होते. प्रत्येक वेळी दोघांनी एकमेकांचे आभार मानले होते. दिवाळीच्या आसपासच्या एका सभेत तर धाकट्या संचालकांनी थोरल्या संचालकांच्या प्रकृतीची आपुलकीने चौकशी केल्याचीही नोंद होती.

ही सगळी इतिवृत्ते सुबोधने लिहिली होती. घाटकोपर पश्चिमेला, एका फरसाणाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर निधी मॅडमचे कार्यालय होते आणि तो तिथे कारकून होता. निधी मॅडम कंपनी सेक्रेटरी होत्या. छोट्या छोट्या कंपन्यांचे वार्षिक अहवाल सरकारच्या कंपनी निबंधकांच्या कार्यालयात वेळेवर दाखल करणे हा त्यांचा व्यवसाय. अहवालात सभा कधी झाली, कोण हजर होते, हे सांगावे लागते. पण छोट्या कंपन्यांत सभा होत नाहीत; नवरा-बायको किंवा बाप-लेक जेवताना काय ते ठरवतात. म्हणून सभा लिहाव्या लागतात. इतर कारकून गेल्या वर्षीचे पान काढून तारीख बदलत. सुबोधला ते जमत नसे. दोन माणसे एका टेबलाशी बसली आहेत असे एकदा लिहिले, की ती काय बोलत असतील याचा विचार त्याच्या मनातून जाता जात नसे. मेस्त्रींच्या वडिलांनी कंपनीची इतिवृत्ते मराठीत ठेवण्याची पद्धत घालून दिली होती, त्यामुळे इथे तर त्याचा हात विशेष मोकळा चाले. ती पाने कोणी वाचत नाही, हे त्याला ठाऊक होते. आयुष्यात त्याला एवढे निर्धास्त दुसरीकडे कुठेच वाटले नव्हते.

नोव्हेंबरातल्या एका सोमवारी ती पाने कोणीतरी वाचली.

"सुबोध, इकडे ये." निधी मॅडमच्या हातात निबंधक कार्यालयाचे पत्र होते. "मेस्त्रींची गेल्या वर्षीची वार्षिक सभा कधी झाली?"

"पंधरा ऑगस्टला, मॅडम."

"पंधरा ऑगस्टला सभा कोण घेतं रे?"

"सुट्टी असते ना. म्हटलं, दोघांना वेळ असेल."

"राष्ट्रीय सुट्टीच्या दिवशी वार्षिक सभा घ्यायची नाही असं कायद्यात लिहिलंय. चार वर्षं झाली तुला इथे."

"मला वाटलं, शांत असतं त्या दिवशी. आजूबाजूचे गाळे बंद असतात."

"अरे, ती सभा झालीच नाहीये! शांतता कशाला हवी होती तुला?"

सुबोधने पत्र हातात घेतले. त्यात सगळे स्पष्ट होते. सुट्टीच्या दिवशी सभा कशी घेतली याचा खुलासा शुक्रवारी सायंकाळी पाचपर्यंत करावा. सोबत त्या सभेचे सविस्तर इतिवृत्त, प्रत्येक पानावर दोन्ही संचालकांच्या सह्यांसह, जोडावे. अन्यथा या वर्षीचा वार्षिक अहवाल स्वीकारला जाणार नाही.

निधी मॅडम पंख्याकडे बघत पाच मिनिटे बसल्या. मग म्हणाल्या, "सभा चौदालाच सुरू झाली. दुपारी तीनला. वाद वाढले, सभा लांबली, रात्रीचे बारा वाजून गेले. ठराव झाला तेव्हा पंधरा तारीख लागली होती, आणि आपण अहवालात संपल्याची तारीख टाकली. चूक झाली, क्षमस्व. बसतंय का?"

"बसतंय. पण मग नऊ तास होतात, मॅडम."

"होऊ देत."

"माझं इतिवृत्त दीड पानाचं आहे."

"मग वाढव! नऊ तास काय बोलले ते लिही. आणि शुक्रवारी पाचच्या आत दोघांच्या सह्या आण. नाही आल्या, तर सोमवारपासून तू येऊ नकोस. मी मस्करी करत नाहीये, सुबोध."

मंगळवारचा अख्खा दिवस सुबोध लिहीत बसला. दोघा भावांना त्याने एकमेकांची स्तुती करायला लावली, वडिलांची आठवण काढायला लावली, कामगारांच्या कल्याणाचा विचार करायला लावला. शेवटी सगळे मोठ्याने वाचून घड्याळ लावून पाहिले, तेव्हा चाळीस मिनिटे भरली. दोन माणसे प्रेमाने फार तर चाळीस मिनिटे बोलू शकतात, असा त्याला अनुभव आला. आणि तोही कल्पनेतला. उरलेले आठ तास वीस मिनिटे भरून काढायला भांडणच हवे होते. ते त्याला येत नव्हते. तो स्वतः कधी कोणाशी भांडला नव्हता.

बुधवारी सकाळी लॅपटॉप घेऊन तो विक्रोळीला गेला.

मेस्त्री बंधू स्प्रिंग्ज प्रायव्हेट लिमिटेड ही कंपनी दुकानांच्या शटरांना लागणाऱ्या स्प्रिंगा बनवी. मोठा गाळा, मागे यंत्रे, पुढे कचेरी. आणि कचेरीच्या मधोमध प्लायवूडची भिंत. डावीकडे थोरले धोंडिराम, उजवीकडे धाकटे धाकू. भिंत छातीइतकीच उंच असल्यामुळे उभे राहिले की दोघे एकमेकांना दिसत, म्हणून दोघेही शक्यतो बसून असत. मध्ये, भिंत संपते तिथे, पॅकिंगचे टेबल घेऊन मालन बसे. ती मूळची जालन्याकडची. कागदोपत्री तिच्याकडे पॅकिंग होते. प्रत्यक्षात सहा वर्षे ती दोन्ही बाजूंचे निरोप पोचवत होती.

धोंडिरामनी पत्र वाचले, चष्मा काढला आणि विचारले, "नऊ तास? मी? ह्याच्याबरोबर?"

"कागदोपत्री, दादा."

"नऊ मिनिटं बसणार नाही मी. मालन, सांग त्याला, त्याच्याबरोबर मी नऊ तास बसलो असं सरकारला सांगायची पाळी आली."

"भाऊ," मालन डोके न उचलता म्हणाली, "दादा म्हणत्यात, तुमच्यासंगं नऊ तास बसले."

"कधी?" पलीकडून आवाज आला.

"गेल्या वर्षी."

पलीकडे कॅलेंडरची पाने उलटल्याचा आवाज झाला.

सुबोधने सगळे समजावून सांगितले. अहवाल गेला नाही, तर कंपनी कसूरदारांच्या यादीत जाईल. यादीत गेली, तर मोठी गिऱ्हाइके माल घेणे थांबवतील. स्वतःच्या नोकरीचे त्याने सांगितले नाही. ते सांगायला त्याला लाज वाटली.

"बाबांची कंपनी आहे, म्हणून," धोंडिराम म्हणाले. "काय पाहिजे तुला?"

"त्या दिवशी आपलं धाकूशेठशी कशावरून वाजलं असतं, तेवढं सांगा."

धोंडिरामनी खुर्ची पुढे ओढली. हा प्रश्न त्यांना सहा वर्षांत कोणी विचारला नव्हता. "लिव," ते म्हणाले, आणि मुंबईची बोली बाजूला सारून मालवणीवर आले. "पयला म्हणजे, ह्याका अक्कल नाय."

सुबोधने लिहिले: 'अध्यक्षांनी श्री. धाकू मेस्त्री यांच्या निर्णयक्षमतेविषयी शंका उपस्थित केली.'

त्यानंतर धोंडिराम पाऊण तास बोलले. तारेच्या खरेदीबद्दल, शनिवारच्या सुट्टीबद्दल, गाळ्याच्या रंगाबद्दल, आणि एका दसऱ्याला यंत्रांना हार घालताना आपल्या यंत्राला लहान हार आल्याबद्दल. सुबोधने ते सगळे प्रतिष्ठित भाषेत उतरवले आणि सही घेण्यासाठी पाने भिंतीपलीकडे नेली.

धाकू मेस्त्रींचे मोतीबिंदूचे ऑपरेशन नुकतेच झाले होते आणि आता ते काहीही न वाचता सोडत नसत. पहिल्याच ओळीवर त्यांचे बोट थांबले.

"ह्याचो अर्थ काय?"

"म्हणजे... आपल्याला अक्कल नाही, असं."

"असा बोललो तो? कधी?"

"चौदा ऑगस्टला. दुपारी पावणेचारला."

"आणि मी काय केलंय?"

"अजून काही नाही. तुमचं लिहायचंय."

"म्हणजे पाऊण तास तो माका बोलता, आणि मी गप?" धाकूंनी पेन खाली ठेवले. "सही नाय करणार मी. आधी माझा लिव!"

सुबोध खाली बसला आणि लिहू लागला. धाकूंनी शनिवारच्या सुट्टीला उत्तर दिले, हाराला उत्तर दिले आणि शिवाय एक जुना, नव्याने आठवलेला मुद्दा मांडला. तो छापून सुबोध डावीकडे गेला. धोंडिरामनी तो वाचला आणि त्यांना पाणी प्यावे लागले. "हा खोटा बोलता! लिव, अध्यक्ष म्हणाले, खोटा बोलता!" 'सदर विधान वस्तुस्थितीस धरून नसल्याचे अध्यक्षांनी निदर्शनास आणले,' असे लिहून सुबोध पुन्हा उजवीकडे गेला.

बुधवारी संध्याकाळी गाळा बंद झाला, तेव्हा इतिवृत्तात सहा वाजून वीस मिनिटे झाली होती. गुरुवारी सकाळी दोघेही वेळेच्या आधी आले.

गुरुवारी भांडणाला रंग चढला. सुबोध भिंतीला वळसे घालून दमला आणि शेवटी भिंत संपते तिथेच, मालनच्या टेबलाच्या कोपऱ्यावर, लॅपटॉप मांडून बसला. तिथून दोन्हीकडचे ऐकू येई. अर्थात दोघेही त्यालाच उद्देशून बोलत. इतिवृत्तात साडेसातच्या सुमारास धाकूंनी अध्यक्षांना गाढव म्हटले. सुबोधने बराच विचार करून लिहिले: 'श्री. धाकू मेस्त्री यांनी अध्यक्षांविषयी आपले मत एका शब्दात व्यक्त केले.'

"लेखनिक," मालन एकाएकी म्हणाली, "तुमच्या ह्या सभेत चहा कोण देतंय?"

"का?"

"तीन वाजल्यापासनं बसल्यात की दोघं. चहाबिगर साडेसात वाजेपर्यंत माणूस भांडंल व्हय? माझं नाव लिव्हा. चार वाजता चहा, सहाला चहा."

ते न्याय्य होते. सुबोधने वरच्या पानांत दोन ठिकाणी चहा घातला.

"पण मी नऊला गेले," ती पुढे म्हणाली. "बारा वाजेपर्यंत दोन गड्यांसंगं गाळ्यात थांबले असं सरकारी कागदावर नको. माझं नाव नऊला काढा."

तेही न्याय्य होते. नऊ वाजता श्रीमती मालन अध्यक्षांच्या अनुमतीने सभास्थान सोडून गेल्या.

त्यांच्या जाण्याआधी, आठच्या सुमारास, कॉइलिंग मशीनचा, म्हणजे तार वळवून स्प्रिंग करणाऱ्या यंत्राचा, विषय निघाला. तो निघणारच होता. सहा वर्षांपूर्वी धोंडिराम साखर वाढून पायाच्या जखमेसाठी महिनाभर हॉस्पिटलात होते, आणि त्या महिन्यात धाकूंनी त्यांना न विचारता कॉइलिंग मशीन घेतले होते. घरी आल्यावर धोंडिराम गाळ्यात शिरले, मशीन पाहिले, आणि त्या दिवसापासून बोलायचे थांबले. आता ते सुबोधकडे न बघता सांगू लागले. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे ऐकणे अवघड होते.

"मशीन बरा होता. वायट नव्हता. पण माका विचारूक होया होता. मी जिवंत होतंय ना? माका जमेत धरलानच नाय ह्येनी. आजारी म्हणजे मेलो काय माणूस?"

सुबोधची बोटे थांबली. याचे प्रतिष्ठित मराठी त्याला सुचेना. शेवटी त्याने ते होते तसेच लिहिले. बारा सभांत प्रथमच.

पान पलीकडे गेले. धाकूंनी ते दोनदा वाचले. मग तेही सुबोधकडे न बघता बोलले, "लिव. हॉस्पिटलात डॉक्टर म्हणालो होतो, तेका टेन्शन देव नका. पाय वाचवूचो होतो. म्हणान विचारलंय नाय. बापूस गेलो तेव्हा त्येनीच मोठो केलान माका. आणि त्येका धरणार नाय मी? लिव."

गुरुवारी आणखी काही लिहून झाले नाही. इतिवृत्तात नऊ वाजून पाच मिनिटे झाली होती.

शुक्रवारी सकाळी निधी मॅडमचा फोन आला. "किती वाजले?"

"नऊ-पाच, मॅडम."

"अरे, आता साडेदहा वाजलेत!"

"सभेत नऊ-पाच."

"सुबोध, पाच वाजता पोर्टलवर गेलं पाहिजे. कुठलेही पाच नाहीत, आजचे खरे पाच. बारा वाजव लवकर."

सुबोधने भीतभीत दोन्ही बाजूंना विचारले, की नऊ वाजता मालन गेल्यानंतर काय झाले. दोघेही समोरचे कागद चाळू लागले. मग मालनच म्हणाली, "माझ्यामागं चहा कोण केला त्ये लिव्हा आधी."

हा प्रश्न कायद्याच्या दृष्टीने महत्त्वाचा नव्हता. पण टाळताही येईना, कारण त्यानंतरच्या तीन तासांचा भार त्याच्यावर होता. धोंडिराम म्हणाले, आपण उठून चहा करणार नाही. सुबोध उजवीकडे वाकला.

"मी केलंय," धाकू म्हणाले. "लिव. साडेनवाक."

'साडेनऊ वाजता श्री. धाकू मेस्त्री यांनी चहा केला,' सुबोधने लिहिले.

"विचार तेका," धोंडिराम डावीकडून म्हणाले, "साखर किती घातलान?"

सुबोध उजवीकडे वळायच्या आतच भिंतीपलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. धाकू उभे राहिले होते. छातीपासून वर ते पूर्ण दिसत होते.

"घातलंय नाय साखर!" ते थेट धोंडिरामना म्हणाले. "तुका डायबेटीस हा, ता माका म्हायत नाय? सहा वर्षां तू मालनकडून दोन दोन चमचे घालून घेतंस, ता पण म्हायत हा माका!"

मालनने पॅकिंगची चिकटपट्टी खाली ठेवली. धोंडिराम वर बघत राहिले, आणि सुबोधला वाटले, आता सगळे संपले. सह्याही संपल्या, नोकरीही संपली. धोंडिरामनी चष्मा काढून पुसला.

"चाय बरो होतो," ते म्हणाले. "लिव तसा."

चहानंतर भांडायला फारसे उरले नाही. हाराचा विषय दोघांनी मागे घेतला. शनिवारची सुट्टी आळीपाळीने ठरली. इतिवृत्तात दहा वाजून चाळीस मिनिटांनी दोघांचे सगळे बोलून झाले, आणि बारा वाजायला एक तास वीस मिनिटे शिल्लक होती.

"आता काय लिहू?" सुबोधने विचारले. भिंतीवरच्या घड्याळात पावणेचार झाले होते. "बाराच्या आत सभा संपली, तर सगळं वाया जाईल."

"काय लिवचा?" धोंडिराम म्हणाले. "बसलो होतो."

"नुसतेच?"

"नुसतेच."

"एक तास वीस मिनिटं?"

"बसतत माणसां," धाकू म्हणाले. ते केव्हा भिंतीला वळसा घालून अलीकडे आले होते आणि मालनच्या स्टुलावर टेकले होते, ते कोणाच्या लक्षात आले नव्हते. "रिकाम्या तोंडाने बसूक काय झाला?"

आणि ते दोघे खरोखरच थोडा वेळ तसे बसले. मागे यंत्र चालू होते. एक टेम्पो आला, माल भरून गेला. सुबोधने लिहिले: 'यानंतर दोन्ही संचालक एक तास वीस मिनिटे काहीही न बोलता बसले होते.' वाचून पाहिले. त्याला यात बदलण्यासारखे काही सापडले नाही. पुढे त्याने बारा वाजून पाच मिनिटांनी ठराव मंजूर केला.

सह्यांना दहा मिनिटे लागली. सह्या करता करता धोंडिरामनी त्यानंतरच्या, म्हणजे या वर्षीच्या सभांची पाने चाळली. त्या सुबोधने आधीच लिहून ठेवल्या होत्या.

"ह्यात आम्ही गोड गोड बोलतोय."

"हो, दादा. ती आधीच लिहिलीत."

"म्हणजे गेल्या ऑगस्टातच आमचं मिटलं."

"कागदोपत्री, हो."

धोंडिरामनी धाकूंकडे पाहिले. "सरकाराक वर्षापूर्वी म्हायत झाला. आपणाक आज कळता हा."

चार वाजून बावन्न मिनिटांनी इतिवृत्त पोर्टलवर चढले. सोमवारी सुबोध कामावर गेला, आणि निधी मॅडमनी त्याला फरसाण मागवून दिले.

मंगळवारी निबंधक कार्यालयाचे दुसरे पत्र आले. तारखेचा खुलासा मान्य करण्यात आला होता. पुढे लिहिले होते: 'तथापि, सादर केलेल्या इतिवृत्तावरून संचालकांमध्ये गंभीर स्वरूपाचे मतभेद असल्याचे दिसून येते. उभयता मिळून कंपनी चालविण्यास समर्थ आहेत काय, याचे निवेदन दोघांच्या सहीने शुक्रवारपर्यंत पाठवावे. तोपर्यंत चालू वर्षाचा वार्षिक अहवाल स्वीकारता येणार नाही.'

"चार वर्षं तू गोडीगुलाबी लिहिलीस, कोणी हूं की चूं केलं नाही," निधी मॅडम म्हणाल्या. "एक भांडण लिहिलंस तर त्यांनी वाचलं! जा परत. आमचं उत्तम चाललंय, एवढं एका ओळीत आण. दोन सह्या. आणि सोमवारचं मी बोलले होते, ते अजून तसंच आहे."

गाळ्यात सुबोध शिरला, तेव्हा मालन कानांत कापूस घालून बसली होती. "सकाळधरनं बोलायलेत दोघं," ती म्हणाली. "सहा वर्षं बरं व्हतं."

दोघे भाऊ डावीकडच्या बाकावर शेजारी शेजारी बसले होते. पत्र धाकूंनी मोठ्याने वाचले.

"मतभेद? कोणाचे मतभेद?"

"आपले, धाकूशेठ. इतिवृत्तात..."

"आमच्या घरात तोंड घालूचो सरकारचो काय संबंध?" धोंडिराम तापले. "भावाभावांच्या गजाली झाल्या, तर तेका भांडण म्हणतत? लिव, चौदा ऑगस्टाक आम्ही भांडलो नाय."

"पण दादा, नऊ तास भांडलात असं आपणच कळवलंय. दोघांच्या सह्या आहेत."

"भांडणार कशे आम्ही?" धाकू म्हणाले. "आम्ही तेव्हा बोलत खय होतो?"

"बरोबर!" धोंडिरामनी भावाच्या गुडघ्यावर थाप मारली. "बोलतच नव्हतो. तोंड बघत नव्हतो एकमेकांचा. तसाच लिव. सरळ मराठीत लिव, तुझ्या त्या भाषेत नको."

सुबोधने आक्षेप घेण्यासाठी तोंड उघडले. पण दोघे आता एकाच वाक्याची दोन टोके धरून सांगत होते. एक थांबला की दुसरा तिथून उचलत होता. त्याला मध्ये बोलवेना. कंपनीच्या छापील कागदावर त्याने जसेच्या तसे उतरवून घेतले. धोंडिरामनी सही केली आणि तेच पेन धाकूंच्या हातात दिले. धाकूंनीही सही केली, आणि या वेळी वाचले नाही.

"आणि हो एक कोरो कागद पण घेऊन जा," धोंडिराम म्हणाले, आणि दोघांनी एका कोऱ्या कागदावरही सह्या ठोकल्या. "काय चुकला तर तुझा तू लिव. तुका आमच्यापेक्षा जास्त म्हायत हा."

कार्यालयात परतल्यावर सुबोधने कोरा कागद टेबलावर ठेवला. दोन सह्या पाहून निधी मॅडमचा चेहरा उजळला.

"सुटलास. बस, टाइप कर त्याच्यावर." मग त्यांची नजर त्याच्या हातातल्या दुसऱ्या कागदाकडे गेली. "आणि हे काय?"

"निवेदन. त्यांनी स्वतः सांगितलं. मी काही घातलं नाही."

निधी मॅडमनी कागद घेतला. 'चौदा ऑगस्ट रोजी आम्ही भांडलो नाही. त्या दिवशी, त्याआधीची जवळजवळ पाच वर्षे आणि त्यानंतरचे सव्वा वर्ष आम्ही एकमेकांशी बोलतच नव्हतो. सभा वगैरे काही झाली नाही, ही किंवा आधीची कोणतीही. हल्ली बोलतो. कळावे.'

त्यांनी तो पुन्हा एकदा वाचला. मग उठून केबिनचे दार लावले आणि हलक्या आवाजात विचारले, "हे अजून कोणाला दाखवलं नाहीस ना?"